अण्णांचं अफूचं कार्ड

अण्णांचं अफूचं कार्ड आणि घराचं रेशनकार्ड एकाच कापडी पिशवीत असायची. मी पहिल्यांदा साखर आणायला निघाले तेव्हा ते दुसरं कार्ड हाताला लागलं. त्यावर अण्णांचा फोटो होता, सरकारी शिक्का होता आणि बंगालीत बरंच काही लिहिलेलं होतं. मला तेव्हा बंगाली वाचता येत नव्हतं. हे कशाचं, म्हणून विचारलं तर अण्णा म्हणाले, “ते अफूचं. साखरेचं दुसरं, मळकं आहे ते.” इतक्या सहजपणे म्हणाले की पुढे काही विचारायचा मला धीरच झाला नाही.

मी साताऱ्याकडची. सातवीनंतर शाळा सुटली, कारण आठवी तालुक्याला होती आणि मुलीला तालुक्याला पाठवायची आमच्याकडे पद्धत नव्हती. लग्न झालं आणि यांची फोर्ट विल्यममधल्या लष्करी कचेरीत कारकुनाची नोकरी होती म्हणून मी कलकत्त्याला आले. भवानीपूरला अण्णांच्या घरातली एक खोली आम्हाला भाड्याने मिळाली. अण्णा म्हणजे आमचे घरमालक. जन्म कलकत्त्यातला, आजोबांपासून घराणं इथलंच. बंगाली शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. पत्नी गेलेली, मुलगा परदेशात. मराठी अगदी स्वच्छ बोलायचे, पण बेरीज मात्र बंगालीतच पुटपुटायचे.

मला आयुष्यभर एक खोड आहे. कोणी काही केलं की ते फेडायच्या आधीच मी ओशाळून जाते. आणि अण्णांनी तर फारच केलं. बांगलादेशची लढाई चालली होती तेव्हा हे तीन-तीन दिवस कचेरीतच असायचे, आणि नेमका तेव्हा मला टायफॉईड झाला. सत्तरीच्या माणसानं माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, मोसंबीचा रस गाळून पाजला, शेजारच्या बंगाली बाईंना माझे केस धुवायला बोलावून आणलं. बरी झाल्यावर म्हणाले, “पडून पडून कंटाळली असशील. अक्षरं शिकतेस का?” आधी बंगाली, मग इंग्रजी. सातवीची मुलगी दीड वर्षात वर्तमानपत्रातले मथळे वाचायला लागली. त्यामुळे अण्णांच्या बाबतीत माझ्याकडून काही चुकेल ही धास्ती मला सतत असायची. आणि जे चुकलं ते त्या धास्तीनंच चुकलं, हे कळायला बराच वेळ गेला.

अफूचं म्हणजे असं होतं. ऐन चाळिशीत अण्णांचं पोट बिघडलं, औषधानं थांबेना, तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना अफू सुरू करायला सांगितली. त्या काळी देतच असत. पोट थांबलं, पण अफू थांबली नाही. पुढे सरकारनं ठरवलं की नव्या माणसाला अफू द्यायची नाही, पण ज्यांना सुटणारच नाही अशांनी नाव नोंदवावं, डॉक्टरला दाखवावं आणि कार्डावर ठरलेली तेवढी सरकारमान्य दुकानातून घ्यावी. अण्णांनी लगेच नोंदवलं. “लपून खाणारे पुष्कळ आहेत,” ते म्हणायचे. “मी सरकारला सांगून खातो.” सकाळी एक गोळी, दुपारी चारला एक, वर वाटीभर आटवलेलं दूध. बाकी माणूस तुमच्या-आमच्यासारखा. उलट जास्तच नेमाचा.

यांना मात्र ते मुळीच पटायचं नाही. जेवण आमचं तिघांचं एकत्रच, त्यामुळे जेवताना वाद ठरलेला.

“अण्णा, राग मानू नका, पण सरकारनंच अफू विकायची म्हणजे कमाल आहे. एकदाची बंदी घालून मोकळं व्हावं.”

“घाला की. मग मी काय करू?”

“सोडा.”

“तू दुपारचा चहा आठ दिवस सोडून दाखव, मग माझ्याशी बोल.”

“चहा आणि अफू एक का?”

“नाही ना. म्हणून तर तुला सोपं काम दिलं.”

मी वाढता वाढता हसायचे. मनातून मला यांचंच बरोबर वाटायचं. आमच्याकडे अफू म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो कोपऱ्यात लाळ गाळत पडलेला माणूस. पण अण्णांकडे पाहिलं की ते चित्र जुळायचं नाही, आणि मी विचार करायचं सोडून भाताकडे वळायची.

मग अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गोळी नीट वळता येईना, कधी मोठी व्हायची कधी लहान, त्याचा त्यांना त्रास व्हायचा. ते काम माझ्याकडे आलं. अफूचा गोळा काळा, चिकट, वासाला ओल्या गवतासारखा. बोटाला तुपाचा हात लावून मी गोळी वळायची. हरभऱ्याएवढी. अण्णांनी पहिल्या दिवशी डब्यातला हरभरा समोर ठेवूनच शिकवलं होतं, गणिताच्या मास्तरसारखं. दर पंधरा दिवसांनी कार्ड घेऊन दुकानातही मीच जायला लागले.

दुकान सियालदह स्टेशनजवळ होतं. कांद्या-बटाट्याच्या गाड्या, लोकलमधून उतरलेली माणसं, त्या गर्दीत एक लहानसं दुकान, लोखंडी जाळीच्या दोन खिडक्या. एका खिडकीत गांजा. तो कोणीही घ्यावा, कार्ड लागत नसे. दुसऱ्या खिडकीत अफू, ती कार्डावरच. पहिल्या दिवशी मी पदर डोक्यावरून घेऊन उभी राहिले, जणू माझा चेहरा साताऱ्यापर्यंत दिसणार होता. दुकानदार बंगाली, जाड चष्म्याचा. मला बौदी म्हणायचा, म्हणजे वहिनी.

“बौदी, पदर घ्यायची गरज नाही. इथे लाजणारे येत नाहीत. लाजणारे मागच्या गल्लीत जातात, तिथे कार्ड लागत नाही, भेसळ मात्र मिळते.”

खिडकीसमोरच्या बाकावर नेहमीचे म्हातारे बसलेले असायचे. त्यात ट्रामचे एक निवृत्त कंडक्टर होते. त्यांच्याही वादाचा विषय आमच्या घरच्यासारखाच. कंडक्टर म्हणायचे, बंद करायचं तर दोन्ही खिडक्या बंद करा, नाहीतर दोन्ही उघड्या ठेवा. दुकानदार म्हणायचा, “दोन्ही बंद केल्या तर मी उपाशी मरेन, तुम्ही अफूविना मराल, आणि गल्लीतल्याची दुमजली इमारत होईल.” सगळे हसायचे. मी पुडी पिशवीत टाकून ट्राम पकडायची.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर कार्डांची तपासणी निघाली. प्रत्येकानं अबकारी खात्याच्या डॉक्टरला जाऊन दाखवायचं, डॉक्टर नवं माप लिहून देणार. अण्णांना मी रिक्षातून नेलं. मी आदल्या दिवसापासून घाबरलेली. यांनीही सकाळी निघताना बजावलं होतं, “माझं नाव, माझी कचेरी, काही सांगू नकोस. लष्कराची नोकरी आहे.”

डॉक्टर वयस्क होते, थकलेले. आमच्या आधी दहा-बारा माणसं होऊन गेली होती. त्यांनी अण्णांची नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि विचारलं, “रोज किती?”

अण्णा म्हणाले, “गोळी हिच्या हातची. हिलाच विचारा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “सांगा मा, केवढी देता?” तिकडे कुठल्याही बाईला मा म्हणतात.

आता हे कसं सांगू? मी लहानपणापासून एकच गोष्ट शिकलेली. दुसऱ्याच्या घरी पानावर बसलं की “आणखी वाढू?” म्हटल्यावर “नको, पुरे” म्हणायचं, पोटात आग पडली असली तरी. दुकानात, दवाखान्यात, सासरी, सगळीकडे आपली गरज कमी करून सांगायची. जास्त मागतो तो हावरा. आणि इथे तर अण्णांसारख्या माणसाची अब्रू माझ्या शब्दावर होती. दहा परक्या माणसांसमोर मी काय सांगणार, की आमचे अण्णा दोन-दोन मोठ्या गोळ्या खातात?

मी करंगळीचं टोक दाखवलं. म्हणाले, “अगदी थोडी. मिऱ्याएवढी. दोनदा.”

अण्णांची मान किंचित वळली. मला वाटलं ते बोलतील. बोलले नाहीत. डॉक्टरांनी लिहिलं, शिक्का मारला. रिक्षात अण्णा एवढंच म्हणाले, “तू म्हणालीस तेवढ्यात भागवू.” मला तर मनातून बरंच वाटलं होतं. अब्रूही राखली आणि अफूही आपोआप कमी झाली, दोन्ही कामं झाली, असं.

पुढच्या खेपेला दुकानदारानं पुडी दिली ती इतकी लहान की मी खिडकीपाशीच थांबले. त्यानं कार्ड फिरवून दाखवलं. “कापलं, बौदी. खूप कापलं. किती सांगितलं होतं?”

मी ती हातावर तोलून पाहिली. पुडी नेहमीच्या अर्ध्याचीही नव्हती. चौथाईच्या आसपास होती. मी मिऱ्याएवढी म्हटलं, डॉक्टरांनी त्याच्याही निम्मं कसं लिहिलं, मला कळेना.

पहिल्या दिवशी अण्णा फक्त जांभया देत होते. एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. दुसऱ्या दिवशी नाक-डोळे वाहायला लागले. “सर्दी झाली,” म्हणाले. तिसऱ्या दिवशी पाय. बसले की पाय हलायचे, उभे राहिले की पोटऱ्यांत गोळे. अंगावर काटा, एवढ्या उकाड्यात शाल. दूध पोटात ठरेना. चाळिशीतला तो पोटाचा विकार जणू तीस वर्षं दाराबाहेर थांबून होता. त्यांना धरून मोरीपर्यंत न्यायचं, पुन्हा आणायचं, आणि पाय दाबत बसायचं, असे माझे दिवस चालले होते.

एकदा मी पाय दाबताना रडू लागले. अण्णा डोळे मिटून म्हणाले, “तू एकटीनं नाही केलं. मलाही तोंड होतं. मीही गप्प बसलो. म्हातारपणी हावरा दिसायला नको वाटलं.”

हे सगळं पाहून यांचाही आवाज खाली आला होता. तरी म्हणाले, “चार दिवस काढले की सुटेल कदाचित. सुटली तर चांगलंच ना?” मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनाही ते खरं वाटत नव्हतं. पाचव्या दिवशी घरी बोलावलेले डॉक्टर म्हणाले, तरुण माणूस असता तर म्हटलं असतं सोसा. या वयात, या पोटाला, पाणी कमी पडून माणूस जाईल.

मी सियालदहला गेले. कार्डावर काही मिळणार नव्हतं, पंधरा दिवस व्हायचे होते. तरी गेले. दुकानदारानं हात जोडले. “दिलं तर माझा परवाना जाईल, बौदी.” बाकावरचे कंडक्टर मात्र उठून माझ्यामागे रस्त्यापर्यंत आले. म्हणाले, “मला कार्डावर मिळते त्यातली सगळी लागत नाही. थोडी उरते.” त्यांनी कागदात बांधलेला अफूचा लहानसा गोळा माझ्या हातात दिला. मी पैसे पुढे केले, त्यांनी घेतले. पाच पावलांवर पोलीस उभा होता, शेंगदाणे खात.

त्याच खिडकीतून आलेली तीच अफू. कंडक्टरच्या खिशात होती तोवर कायदेशीर होती. माझ्या मुठीत आली आणि गुन्हा झाली. मी ट्राममध्ये मूठ उघडली नाही. तिकीटवाला आला तरी डाव्या हातानंच पैसे काढले. मला आठवतं, मी सारखा विचार करत होते की मला पकडलं तर यांची नोकरी जाईल, आणि नाही पकडलं तर अण्णा उद्या दूध पितील. दोन्ही गोष्टी एकाच मुठीत होत्या.

त्यातली एक गोळी वळून अण्णांना दिली. तासाभरात पाय थांबले. ते उठून बसले, थोडं दूध घेतलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “कुठून आणलीस?”

मी सांगितलं.

“उरलेली टाकून दे.”

“अण्णा, एवढी तरी...”

“मी तीस वर्षं अफू खातोय, पोरी. चोरून एकदाही नाही खाल्ली. आता तुझ्या हातून चोरी करवून खाऊ?” आवाज मोठा नव्हता, पण वर्गात असा आवाज काढला की मुलं गप्प होत असतील. मी उरलेली मोरीत टाकली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. आता एकच दार उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच अबकारीच्या डॉक्टरांकडे गेले. नंबर आला. बंगालीत बोलायचं पाठ करून गेले होते, तरी वाक्यं उलटसुलट आली. मी खोटं सांगितलं, असं म्हणाले. खरी गोळी हरभऱ्याएवढी.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “जास्त सांगायला आलात? सगळे तेच सांगायला येतात.”

“नाही. मी आधी कमी सांगितलं होतं.”

“कमी? का?”

मी म्हणाले, “बरं दिसत नाही म्हणून.”

ते खुर्चीत मागे रेलून हसले, पण ते हसू काही आनंदाचं नव्हतं. म्हणाले, “मा, या खुर्चीत इतकी वर्षं बसलो, प्रत्येक माणूस मला दुप्पट सांगतो. त्याला ठाऊक असतं की मी निम्मं कापणार. मलाही ठाऊक असतं की तो दुप्पट सांगणार. असा आमचा हिशोब बरोबर जुळतो. तुम्ही खऱ्याहून कमी सांगितलंत, आणि मी सवयीनं त्याचंही निम्मं केलं. कमी सांगणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं.”

“मग आता वाढवून द्या.”

“वाढवता येत नाही. कार्डावरचं माप फक्त खाली जातं, वर जात नाही. तसा नियम आहे.” त्यांनी पेन पुन्हा उचललं. “चूक मात्र दुरुस्त करता येते. तुम्ही लिहून द्यायला हवं की पहिली माहिती चुकीची दिली. नाव, पत्ता, नवऱ्याचं नाव, त्यांची नोकरी कुठे. सही.”

कागद माझ्यापुढे सरकवला. नवऱ्याची नोकरीही लिहायची, इथे मी अडले. खोटी माहिती दिली म्हणून मला पकडतील का, हे मी विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती. बाहेर बाकावर पुढची माणसं खोकत होती. मी विचार केला, परत जाऊन यांना विचारून येऊ. मग अण्णांचे पाय आठवले. परत येईपर्यंत आणखी एक दिवस जाणार होता.

मी इंग्रजीत लिहिलं. आयुष्यातला पहिला अर्ज. चार ओळी, त्यातल्या दोन खोडलेल्या. मी कमी माप सांगितलं, ती माझी चूक, अण्णांची नाही, खरं माप एवढं एवढं. यांचं नाव लिहिलं. फोर्ट विल्यम लिहिलं. सही केली. डॉक्टरांनी वाचलं, आणि जुनं माप कापून कार्डावर नवं लिहिलं. पूर्वीइतकं नाही. सकाळची पूर्ण, दुपारची अर्धी. “यात ते राहतील,” म्हणाले. “पुढच्या वर्षी त्यांना घेऊन या आणि खरं तेवढंच सांगा. मीही खरं तेवढंच ऐकेन.”

आजकाल अशा बंदीवरचे वाद ऐकते. सगळं खुलं करावं म्हणणारे आहेत, सगळ्यांना तुरुंगात टाका म्हणणारेही आहेत. पुढे कायदा कडक झाला तेव्हाही असाच वाद झाला असेल. माझं शिक्षण तेवढं नाही, कोणाचं बरोबर ते मी सांगू शकत नाही. गल्लीतला धंदाही मी पाहिला आणि घरातला माणूसही पाहिला. पण मला वाटतं, जिथे माणसाला आपली गरज आहे तेवढी बोलता येत नाही, जास्त बोलला तर लबाड आणि कमी बोलला तर मरणार, तिथे नियम कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात खरा आकडा कधी येतच नाही. त्या डॉक्टरांच्या टेबलाशी खरा आकडा एकदा आला. तोही माझ्या चुकीमुळे, आणि एक थकलेला माणूस त्या दिवशी ऐकायला तयार झाला म्हणून.

कार्डावरचं नवं माप दाखवून मी उरलेल्या दिवसांची पुडी आणली. अण्णांनी चारची अर्धी गोळी घेतली, दूध प्यायले आणि भिंतीला टेकून गाढ झोपले. सहा दिवसांत पहिल्यांदा झोपेतही त्यांचे पाय स्थिर होते.

हे कचेरीतून आले तेव्हा मी सगळं एका दमात सांगून टाकलं. कंडक्टरची अफू, पोलीस, अर्ज, त्यातलं त्यांचं नाव, फोर्ट विल्यम. सांगून होईपर्यंत त्यांनी बूटही काढले नव्हते. मी वाट पाहत होते. आता आवाज चढेल, आता चढेल.

त्यांनी विचारलं, “नक्कल ठेवलीस का अर्जाची?”

“नाही.”

“अर्ज द्यायचा तर नक्कल ठेवावी. एवढी वर्षं कारकुनाच्या घरात आहेस.” मग बूट काढले, अण्णांच्या खोलीत डोकावून आले, शाल त्यांच्या पायांवर सारखी केली. परत येऊन हळूच म्हणाले, “पुढच्या तपासणीला मी येतो बरोबर.”

“तुम्ही? तुम्हाला तर बंदीच हवी.”

“हवीच आहे. पण तुझा काही भरवसा नाही. तू पुन्हा कमी सांगशील.”